वांदरणीची आंघोळ

आमच्या भेडलेवाडीत बाईमाणूस गेलं की पहिला निरोप भटजीला जात नाही, सुगंधावयनीला जातो. ती हातातलं काम टाकते, पदर खोचते आणि येतानाच चुलीवर पाणी ठेवायला सांगते. गेलेल्या बाईला शेवटची आंघोळ सुगंधाने घालायची, हे कधी कोणी बसून ठरवलं नाही. पण आता दुसरी कोणी पुढे झाली तर वाडी तिच्या तोंडाकडे बघत राहील.

आंघोळ घालताना ती त्या बाईशी बोलते. "हात वर कर गो बाय. पाणी जास्त गरम नाय मा?" मी नवी सून म्हणून आले तेव्हा हे पहिल्यांदा ऐकलं आणि माझ्या अंगावर काटा आला. नंतर सवय झाली.

सुगंधा माझी थोरली जाऊ. माझे दीर तरणेपणी गेले, मुलगा कौस्तुभ गोव्यात कंपनीत कामाला. वाडीतली सगळी तरणी पोरं तिकडेच. मागे आम्ही म्हातारीकोतारी, गुरं आणि काजी, म्हणजे काजूची झाडं. आमची घरं दोन, विहीर एक, आणि पाण्यावरून भांडण रोजचं. मी अंगणवाडीची बाई, म्हणजे चार शब्द जास्त बोलणार. ती माझं सगळं ऐकून घेणार आणि शेवटी स्वतःला हवं तेच करणार. गावची आरोग्य-कार्यकर्ती, आशाताई पूजा, दर काजू-हंगामाच्या आधी घरोघरी तेलाच्या बाटल्या वाटते. सड्यावर, म्हणजे घरामागच्या कातळ-माळावर जाण्याआधी हातापायांना लावायचं, म्हणजे गोचीड चावत नाहीत आणि माकडतापापासून बचाव होतो. सुगंधाने ते तेल गाईला चोळलं. मी ओरडले तर म्हणाली, "तिका चार पाय, माका दोन. गरज कोणाक जास्त?"

आमच्या घरामागून सडा चढतो. उतारावर सगळ्या वाडीच्या काजूच्या बागा, वर उभं राहिलं की आरोंद्याची खाडी दिसते. काजी पिकल्या की वाडी दिवसभर तिथेच असते. पिकलेली फळं, बोंडू, पडतात, बिया वेचून पुंजावायच्या, सुकलेल्या पानांचा पातेरा गोळा करून गोठ्यात आणि भाताच्या रोपांसाठी जमीन भाजायला, तरव्याच्या भाजावळीला आणायचा. वर्षाचा पैसा म्हणाल तर एवढाच.

आदल्या वर्षी पलीकडच्या गावात झाडाखाली एक वानर मेलेलं सापडलं होतं. कोणीतरी कळवलं. आरोग्याची माणसं आली, पांढरी पावडर मारली, दोरी बांधली आणि काही दिवस बागेत जाऊ नका म्हणून बजावलं. सांगितलं ते बरोबरच होतं. वानर माकडतापाने मेलं तर त्याच्या अंगावरचे गोचीड खाली पातेऱ्यात उतरतात आणि माणसाला चावतात. पण त्या दिवसांत तिथल्या बिया रानडुकरांनी खाल्ल्या, आणि त्या गावातल्या एका मुलीची ठरत आलेली सोयरीक मोडली. ते आमच्या वाडीने नीट लक्षात ठेवलं. वानरातल्या रोगाचं मात्र कोणी लक्षात ठेवलं नाही.

यंदा फाल्गुनात सुगंधा सकाळी आपल्या बागेत गेली, तर काजीखाली वानरीण मरून पडलेली. पोटाशी पिल्लू, जिवंत, आईचे केस मुठीत धरून. सुगंधाने हाक मारली ती थेट आमच्या घरापर्यंत ऐकू आली.

आमचे हे, हरिश्चंद्र, मारुतीची दिवाबत्ती करतात. वाडीच्या वतीने देवाला साकडं घालायचं, ते गाऱ्हाणंही आमच्याच घराण्याने घालायचं. सगळी वाडी यांना हरबा म्हणते, लिहिताना मीही तेच म्हणते. हरबा वर गेले, मागोमाग पाच-सहा पुरुष आणि मी. वानर म्हणजे मारुतीचा वंश. ते आपल्या हद्दीत मेलं तर माणसासारखी माती द्यायची, हळदकुंकू वाहायचं, नारळ ठेवायचा. आमच्याकडे हे असंच चालत आलंय.

मी म्हटलं, "आदी पूजाक फोन करूया."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. शंकर, आमच्या शेजारच्या बागेचा मालक, म्हणाला, "फोन केलंस काय सड्यार दोरी बांदतले. मगे काजी पुंजावतलो कोण, तुझी पूजा?"

हरबा वाकून बघत होते. त्यांनी मान वर केली आणि सुगंधाला म्हणाले, "वयनी, बाईमाणूस आसा. पाणी तुमी घाला."

माझा नवरा वाईट नाही. पण त्या दिवशी त्याला जे सुचलं ते वाडीतल्या कोणालाही सुचलं असतं. आम्ही तिला जनावर समजलो असतो तर कोणी हात लावला नसता. आम्ही तिला आपली बाई समजलो.

खालून ऊन पाणी आणलं. सुगंधाने आधी पिल्लाची बोटं एकेक करून सोडवली आणि त्याला आपल्या पदरात बांधलं. मग वानरिणीला पाटावर घेतलं. तोंड धुतलं, हळद लावली, पाठीवरून पाणी घातलं. केसांत गोचीडच गोचीड. ती ते दोन बोटांत धरून काढत होती आणि बाजूच्या पातेऱ्यात टाकत होती. "कितके सोसलंस गो बाय," असं तिचं चाललं होतं. मी दोन हात लांब उभी होते. "वयनी, पुरे आता," असं मी म्हटलं. ती म्हणाली, "अशी कशी धाडू तिका? थय गेल्यार काय म्हणतली?" कौस्तुभने गणपतीत आणलेली, घडीही न मोडलेली साडी तिने घरून मागवली आणि वानरिणीला नेसवली.

खड्डा बुजवल्यावर पुरुष मारुतीपुढे उभे राहिले. हरबांनी नारळ ठेवला आणि गाऱ्हाणं घातलं.

"बा देवा मारुतीराया म्हाराजा! तुझी लेक आज आमच्या दारात पडली, तिका आमी माती दिली. काय चुकला-माकला आसात तर पदरात घे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" पुरुष एका आवाजात म्हणाले.

"ही गोष्ट वाडीच्या शिमेभायर जाता नये. जो कोण तोंड उघडीत, तेच्या घरादाराचो काय तो इचार तू कर म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

गाऱ्हाण्याला होकार द्यायचा तो पुरुषांनी. आम्ही बाया मागे, देवळाच्या पायरीखाली उभ्या असतो. माझी मुलगी संचिता तालुक्याला कॉलेजात शिकते, रोज एसटीने येते-जाते. घरादाराचो इचार हे शब्द ऐकले आणि मला पहिली तीच आठवली. अंगणवाडीत मुलांना मी अंधश्रद्धेवर गोष्टी सांगते. त्या गोष्टी त्या क्षणी माझ्या काही कामी आल्या नाहीत.

पिल्लू सुगंधाने घरी ठेवलं. कापसाच्या बोळ्याने दूध पाजलं, रात्री कुशीत घेतलं. ते जगलं नाही. परसात पुरलं आणि आठवडा व्हायच्या आत ती तापाने आडवी झाली.

साधा ताप नव्हता तो. सकाळी विहिरीवर माझ्याशी भांडली, दुपारी तिला मान उचलवेना. डोळे लाल झाले होते, आणि कंबर कोणीतरी मोडून ठेवल्यासारखी दुखते म्हणाली. हरबांनी दुकानातून अंगदुखीच्या गोळ्या आणल्या. गोळी घेतली की घाम यायचा, तास-दोन तास बरं वाटायचं, की पुन्हा तेच. गावच्या दवाखान्यात डॉक्टर येण्याचा तो वार नव्हता. पूजाला बोलवू म्हटलं तर हरबा म्हणाले, "उद्या बगूया." उद्याचा परवा झाला. परवा तिने चूळ भरली तर पाण्यात रक्त होतं.

त्यानंतर मी कोणाला विचारलं नाही. शंकरची जीप मागवली, तिला मागच्या बाकावर आडवी घातली आणि तिचं डोकं मांडीवर घेऊन बसले. हरबा पुढे बसले. घाटीच्या वळणावळणाला ती कण्हायची आणि ते मागे न बघता दांडी घट्ट धरायचे.

तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात डॉक्टर नीरजा म्हणून तरुण बाई होती. तिने एका मिनिटात सलाईन लावायला सांगितलं, डोळे बघितले, हिरड्या बघितल्या. कुठल्या गोळ्या दिल्या ते विचारलं. हरबांनी खिशातलं पाकीट दाखवलं, तर तिने ते टेबलावर आपटलं. "ह्या आता एकही द्यायची नाही. ह्यांनी रक्तस्राव वाढतो." मग तिने सरळच विचारलं, "काजूत जातात ना ह्या? तिकडे एखादं माकड, वानर मेलेलं सापडलं होतं?"

"नाही मॅडम," हरबा म्हणाले. दवाखान्यात, कचेरीत शिरलं की आमच्याकडे मालवणी उंबऱ्यापाशी राहते. त्या शुद्ध भाषेत खोटं बोलणंही सोपं पडत असावं.

"नक्की?"

"नक्की."

तिने माझ्याकडे बघितलं. मी सुगंधाचा हात चोळत राहिले.

डॉक्टर म्हणाली, "मी का विचारतेय ते ऐका. माकडतापाचा संशय असेल तर मी ह्यांना आत्ताच गोव्याला मोठ्या दवाखान्यात पाठवते. त्याचा रिपोर्ट यायला दिवस लागतात, तोवर थांबता येत नाही. रक्त द्यायची वेळ आली तर इथे सोय नाही. डेंग्यू असेल तर मी इथे बघू शकते, उगाच तासन् तास गाडीत हेलकावे देणार नाही. ॲम्ब्युलन्स आत्ता दारात आहे. दुसरीकडून फोन आला की ती जाईल, आणि परत कधी येईल ते मला सांगता येणार नाही. म्हणून विचारते."

हरबांनी बाहेर बघितलं. खिडकीतून पांढरी गाडी दिसत होती. ड्रायव्हर बोनेटला टेकून चहा पीत होता.

तेवढ्यात सुगंधा बोलायला लागली. डोळे मिटलेले, ओठ सुकलेले. "पिलाक दूध दिलास काय गो? माका हाक मारता ता. आवशीक शोधता."

डॉक्टर पटकन वाकली. "कुणाचं पिल्लू, मावशी? कुठे होतं?"

"गायीचा वासरू मॅडम," हरबा घाईने म्हणाले. "घरात गाय आहे. तिचंच बोलते."

डॉक्टर सरळ उभी राहिली. तिला पटलं नव्हतं, हे तिच्या तोंडावर दिसत होतं, पण दुसऱ्या वॉर्डातून नर्सने हाक मारली. "दोन मिनिटांत येते," असं म्हणून ती गेली.

नवऱ्याला मी इतक्या वर्षांत कधी एकेरी हाक मारलेली नाही. त्या दिवशीही मारली नाही. पण त्यांचा सदरा मी मुठीत धरला.

"ती येवच्या आदी तुमी सांगतास काय मी सांगू?"

"शपथ माझ्या तोंडची आसा," ते म्हणाले. "नारळ मी ठेवलंय. घरादाराचो इचार कर म्हणान मीच सांगितलंय देवाक. संचिता रोज एसटीन जाता. तिका काय झाला तर?"

"आणि हिका काय झाला तर?"

"ही बरी होतली. डेंगू आसात."

"हिच्या दातातल्या रक्ताक डेंगू म्हणतास? तुमी म्हटलास पाणी घाला, हिणा घातल्यान. कोणाक नाय म्हणूक म्हायत नाय हिका. तुमच्या आवशीक हिणाच आंघोळ घातल्यान. मी थय लांब उबी होतंय, तुमका आठवता?"

बाहेर ड्रायव्हरने कप खाली ठेवला. त्याचा फोन वाजत होता. त्याने तो कानाला लावला, ऐकलं, आणि दार उघडून आत बसला. गाडी सुरू झाल्याचा आवाज आला.

मी उठले. मला सांगायचंच होतं, संचिताचं काहीही होवो. हे लिहितानाही हात थांबतो, पण तसंच होतं. पण हरबा माझ्या आधी दाराशी पोचले. हा माणूस देवळातसुद्धा हळू चालतो. ते व्हरांड्यातून धावत गेले, गाडीच्या पुढे उभे राहिले, बोनेटवर दोन्ही हात टेकले आणि मालवणीतच ओरडले, "जाव नको रे! आमच्या काजीत वांदरीण मेली हा. माझ्या वयनीन तिका आंघोळ घातली हा. जाव नको!"

सगळा व्हरांडा त्यांच्याकडे बघत होता. डॉक्टर धावत बाहेर आली. तिने ओरडायला हवं होतं, मी असते तर कानाखाली काढली असती. तिने फक्त विचारलं, "किती जणांनी हात लावला?" आणि ड्रायव्हरला गाडी बंद न करता थांबायला सांगितलं. दुसरीकडच्या पेशंटसाठी तिने फोनवर भांडून शेजारच्या तालुक्याची गाडी मागवली.

गोव्यात कौस्तुभ दवाखान्याच्या दारात उभा होता. सुगंधाला रक्तातल्या पेशी चढवल्या, नाकातून रक्त आलं ते थांबेना म्हणून आणखी चढवल्या. एका दुपारी तिथल्या डॉक्टरांनी कौस्तुभला बाजूला घेऊन सांगितलं की घरच्या माणसांना बोलवायचं असेल तर बोलवा. ते ऐकून मी जिन्यात बसले आणि माझ्या मनात आलं, की ही गेली तर हिला आंघोळ कोण घालणार? वाडीत दुसरी कोणी नाही. मला येत नाही. त्या विचाराने मला जे रडू फुटलं ते आजवर कुणाच्या मरणाने फुटलं नव्हतं.

ती गेली नाही. ताप हळूहळू उतरला, रिपोर्ट आला तो माकडतापाचाच होता.

हरबा तालुक्यावरूनच वाडीत परतले होते, आणि इकडे बोलणी खायला ते एकटेच होते. दुसऱ्याच दिवशी आरोग्याची माणसं सड्यावर आली. पावडर मारली, दोरी बांधली. ऐन हंगामात बिया खाली पडून राहिल्या. ओळीने सगळ्यांचं रक्त तपासलं. कुंपणानंच शेत खाल्ल्यान, असं लोक हरबांना ऐकू जाईल असं बोलायचे. शंकरने बोलणं टाकलं. डेअरीवाला आमच्या दोन घरांचं दूध घेईना, ताप माणसापासून माणसाला लागत नाही, दुधातून तर नाहीच, असं पूजाने त्याला समजावून सांगितलं तरी घेईना. हरबा ते दूध सांजसकाळ विहिरीकडेला ओतायचे. खालच्या आळीतली राधाबाई त्याच सड्यावरून पातेरा घेऊन आली होती, कारण तिला वानरिणीचं कोणी सांगितलंच नव्हतं. दोरी बांधल्यावर पूजा रोज ताप बघत फिरत होती, म्हणून राधाबाई अंग तापलं त्याच दिवशी दवाखान्यात गेली आणि लवकर परत आली. ती परत आली त्याचं कोणी काही बोललं नाही. वाया गेलेल्या बिया मात्र रोज बोलण्यात निघायच्या.

सुगंधा घरी आली तेव्हा बोंडवांचा वास सरत आला होता. केस गळून विरळ झाले होते, चालताना भिंत धरायची. गाय तिला बघून हंबरली. आल्या आल्या विचारलं काय, तर "तेल लावलास मा तिका?" मी म्हटलं, आधी स्वतःला लाव.

हरबांनी वाडीला देवळात बोलावलं. शपथ मोडली होती, ती देवापुढे उतरवायला हवी. लोक आले, पण लांब लांब उभे राहिले. सुगंधाला यायची काही गरज नव्हती. ती माझ्या खांद्यावर हात टाकून आली आणि पायरीखाली बसली.

हरबांनी नारळ ठेवला. आवाज नेहमीचा नव्हता.

"बा देवा म्हाराजा, वाडीन तोंड बंद ठेवल्यान, आणि आमचीच बाई मरणाच्या दारात गेली. राधाबाय न कळता गोचडात गेली. आमी चुकलाव म्हाराजा!"

कोणी हूं की चूं केलं नाही. शंकर जमिनीकडे बघत होता. हरबांनी तेच पुन्हा म्हटलं. पुन्हा कोणी नाही. गाऱ्हाण्याला होकार मिळाला नाही तर गाऱ्हाणं पुढे जात नाही. माणूस तसाच देवापुढे अडकून राहतो. माझ्या नवऱ्याच्या मानेवरची शीर उडताना मला मागून दिसत होती.

"व्हय म्हाराजा," सुगंधा म्हणाली.

आवाज एवढासा, पण देवळात ऐकू गेला. पुरुषांनी माना वळवल्या. बाईने होकार दिलेला त्यांनी कधी ऐकला नव्हता. एक-दोघे मग पुटपुटले, व्हय म्हाराजा.

हरबांनी हात जोडले. "शपथ मी घातलंय, मीच मोडलंय. वाडीर काय ठेव नको म्हाराजा. जा काय आसात ता माझ्या घरादारार घे म्हाराजा!"

ह्याला होकार द्यायला पुरुष तयार होते. शंकरने तोंड उघडलंही होतं. संचिता माझ्या शेजारीच उभी होती.

सुगंधाने माझा हात धरला, उठून उभी राहिली, आणि ज्या आवाजात ती मेलेल्या बायांशी बोलते त्या आवाजात देवाला म्हणाली, "नाय म्हाराजा."

गाऱ्हाण्याला कोणी नाय म्हटलेलं आमच्या वाडीने तोवर ऐकलं नव्हतं. हरबा मागे वळले. शंकरचं तोंड तसंच उघडं राहिलं. मग पलीकडच्या खांबाकडून राधाबाईचा आवाज आला, "नाय म्हाराजा."

मग मी म्हटलं.